मेटॅन पॅकेज : वाणांच्या स्टॅबिलिटीसाठी घ्यावं का?

मल्टिलोकेशन ट्रायलचा (तेच वाण अनेक ठिकाणी पेरून घेतलेल्या चाचणीचा) डेटा घेऊन बसला असाल आणि वाणांची स्टॅबिलिटी, म्हणजे कोण सगळीकडे स्थिर उत्पन्न देतो, ते काढायचं असेल तर आर (R, आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) मधलं मेटॅन (metan) टाकून घ्या, फुकट आहे. ब्राझीलच्या तियागो ऑलिव्होतोने केलंय, पेपर 2020 चा. आपल्याकडे अजून स्टॅबिलिटी काढायच्या पद्धतींपैकी एबरहार्ट-रसेल (1966 चं मॉडेल बरं का!) एकीकडे, एएमएमआय (AMMI, ठिकाणानुसार वाण कसा बदलतो ते काही अक्षांवर मांडणारी) दुसरीकडे अन् जीजीई (GGE, वाण-ठिकाणांची सांगड ग्राफवर दाखवणारी) तिसरीकडे असा कारभार चालतो, इथे सगळं एका जागी मिळतं. ठिकाण, वाण, रेप्लिकेशन (पुनरावृत्ती), उत्पन्न हे कॉलम दिले की जीई_स्टॅट्स (ge_stats) ही एक कमांड शुक्ला, इकोव्हॅलन्स, लिन-बिन्स अशा स्टॅबिलिटीच्या सगळ्या मापांचे आकडे आणि रँक काढून देते.

मला सगळ्यात आवडलं ते डब्ल्यूएएएसबीवाय (WAASBY), म्हणजे उत्पन्न आणि स्थिरता दोन्ही धरून वाणाला गुण देणारा निर्देशांक. कारण नुसती स्टॅबिलिटी बघितली तर जो वाण सगळीकडे सारखाच कमी पिकतो तोही यादीत वर येतो, शेतकऱ्याने त्याचं काय लोणचं घालायचं? यात उत्पन्नाला किती वजन आणि स्थिरतेला किती ते आपण ठरवायचं, डिफॉल्ट 50-50 आहे.

जीजीईचा कुठे-कोण-जिंकलं वाला बायप्लॉट (वाण आणि ठिकाणं एकाच चित्रात दाखवणारा ग्राफ) पण मस्त येतो. रब्बी ज्वारीत हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला सुचित्रा, भारीला वसुधा अशी वेगवेगळी शिफारस का असते हे ज्युनिअरला समजवायचं तर असा एक ग्राफ पुरे, बहुभुजाच्या टोकाला कोण आणि त्याच्या वाट्याला कुठली ठिकाणं ते लगेच दिसतं.

आता कटकट. सोबतचा सॅम्पल डेटा ओटचा, 10 वाण 14 ठिकाणं, एकदम भरलेला. आपला तसा कधी असतो का, एका ठिकाणी उगवणच नाही, दुसरीकडे पाखरांनी कणसं साफ केली. एएमएमआय-जीजीईला रिकामा चौकोन दिसला की हे स्वतःच अंदाजाने आकडा भरतं अन् पुढे जातं, वॉर्निंग येते पण वाचतंय कोण, तेवढं वाचत जा. आणि तीनच ठिकाणांवर एएमएमआय लावून पीसी1 पीसी2 (पहिले दोन अक्ष) मिळून फरकाचे 100 टक्के आले म्हणून नाचू नका राव, तीन ठिकाणांना जास्तीत जास्त दोनच अक्ष निघतात, 100 येणारच.

कोडिंगची भीती वाटत असेल तर सिमिटचं (CIMMYT, मका-गव्हावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) जीईए-आर (GEA-R) हे सॉफ्टवेअर बघा, तेही फुकट आणि माऊसवर चालतं. पण थिसिसमध्ये टाकण्यासारखे ग्राफ मेटॅनचेच.