इक्विटोस की मनाउस?
ॲमेझॉनच्या जंगलात मुक्काम हलवायचाय, पण कुठे? दमट उकाडा दोन्हीकडे सारखाच, त्यात निवडण्यासारखं काही नाही.

खरा फरक रस्त्याचा. पेरूतल्या इक्विटोसचा रस्ता साधारण 100 किलोमीटरवरच्या नाउटापर्यंत जाऊन संपतो. पुढे बोट किंवा विमान. त्यामुळे बाहेरून येणारं सामान महाग, तेही उशिरा. गंभीर दुखणं निघालं तर लिमा गाठायची तयारी हवी. इक्विटोसला ‘स्वस्त स्वर्ग’ म्हणून विकणारे हे सांगत नाहीत.

ब्राझीलचं मनाउस 20 लाखांवर वस्तीचं. 1967 पासूनच्या करसवलतींमुळे कारखाने आले, नोकऱ्या आल्या. उत्तरेकडच्या बोआ व्हिस्टा शहरापर्यंत डांबरी रस्ताही आहे. पोर्तुगीज मात्र शिकावीच लागेल, इक्विटोसला स्पॅनिश.

मुलंबाळं, नोकरी किंवा नियमित औषधोपचार असतील तर मनाउस. एकटे असाल, कमाई बाहेरून येत असेल आणि मोटोटॅक्सींचा (तीनचाकी रिक्षांचा) कलकलाट सोसवत असेल, तर इक्विटोस.