मनालीहून भाड्याची बाईक घेऊन लडाखला निघालात? आधी हे वाचा

गेल्या जुलैमध्ये माझे १४,७०० रुपये बुडाले. यंदाचा सीझन तोंडावर आलाय, म्हणून सगळं खुलासेवार लिहितोय.

नाशिकहून गाडी चालवत नेण्याएवढी रजा नव्हती. दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून मनालीपर्यंत बस आणि पुढे दहा दिवस भाड्याची हिमालयन बाईक, असा बेत होता. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह घरूनच नेलं होतं. दुकानदाराला मी स्पष्ट विचारलं, की लेहच्या पुढे नुब्रा आणि पँगाँगला ही गाडी चालेल ना? "सर, पेपर ऑल इंडिया के हैं, कोई नहीं रोकेगा." रोज १,८०० प्रमाणे १८,००० भाडं घेतलं, वर १०,००० डिपॉझिट रोख. मूळ आधार कार्डही ठेवून घेतलं. मी गाडीचा व्हिडिओ काढायला फोन बाहेर काढला, तर म्हणाला, राहू द्या, मी काढलाय, माझ्याकडे सेव्ह आहे. मी फोन खिशात ठेवला. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

अटल बोगदा ओलांडून टांडीच्या पंपावर टाकी भरली. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी तिथे आहे, त्यामुळे पाच लिटरचा कॅनही भरून घेतला. पहिला मुक्काम जिस्पाला, भागा नदीच्या काठी. तंबूची एक दोरी बाईकच्या लेगगार्डला (पाय वाचवणाऱ्या पुढच्या पाइपला) बांधत होतो, तर बोटांना काळा रंग लागला. टॉर्च मारून पाहिलं. उजवीकडचा पाइप आत दबलेला, आणि त्या वाकावर नुकताच रंग फासलेला. खाली गंज तसाच होता. तेव्हा वाटलं, जुनी गाडी आहे, असेल. तरी एक फोटो काढून ठेवला.

बारालाचा, सारचू, गाटा लूप्सची एकवीस वळणं, मोरे प्लेन्सचं ते अफाट पठार. हा रस्ता मी जन्मभर विसरणार नाही. लेहला पोचेपर्यंत कुणीही अडवलं नाही. अडवलं ते नंतर, नुब्राकडे जाताना खारदुंगला खिंडीच्या वाटेवर, साउथ पुल्लूच्या चेकपोस्टला. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी, त्यामुळे लांबूनच ओळखू येते. तिथल्या भाड्याने बाईक देणाऱ्यांच्या युनियनच्या मुलांनी नीट समजावून सांगितलं: लडाखबाहेरून भाड्याने आणलेली गाडी लेहपर्यंत ठीक, पण नुब्रा-पँगाँगला इथलीच गाडी घ्यावी लागते. त्यांच्यावर माझा राग नाही. मोजके चार महिने त्यांचा धंदा चालतो. राग आहे तो ज्याला हे पक्कं ठाऊक होतं त्या मनालीच्या दुकानदारावर, कारण दर सीझनला त्याच्या गाड्या याच वाटेने जातात.

लेहमध्ये चार दिवसांसाठी दुसरी गाडी घेतली. मनालीची गाडी गेस्टहाउसच्या अंगणात उभी राहिली आणि तिचं ७,२०० भाडं फुकट गेलं.

मनालीला दुकानात परत आलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि माझी दिल्लीची बस सहाला होती. ती वेळ मी आल्या आल्याच बोलून बसलो. मग दुकानदार गाडीभोवती सावकाश फिरला. "लेगगार्ड बेंड है, क्लच प्लेट गई है." व्हिडिओ दाखवा म्हटलं, तर फोन बदलला म्हणाला. जिस्पाचा फोटो दाखवला. त्यावर त्याचं म्हणणं, हा तर गाडी नेल्यानंतरचा आहे, वाटेत तुम्हीच पाडली असेल. आधार कार्ड त्याच्या ड्रॉवरमध्ये होतं. पावणेसहाला मी डिपॉझिटमधले फक्त २,५०० रुपये आणि कार्ड घेऊन बाहेर पडलो.

घरी येऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. डिपॉझिटची पावती मागितली, ती माझ्याकडे नव्हती. भाड्याचे पैसे यूपीआयने दिल्याने तेवढे दिसत होते.

मनालीची गाडी घ्यायचीच असेल, तर ती लेहपर्यंतच धरा आणि पुढचे दिवस भाड्यात मोजू नका. डिपॉझिटही यूपीआयनेच द्या. व्हिडिओ दुकानाच्या दारातच, दुकानदाराला समोर उभं करून, लेगगार्ड आणि इंजिनच्या खालच्या बाजूसह काढा आणि तिथल्या तिथे त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मूळ आधार देऊ नका. गाडी परत करायची ती बसच्या आदल्या दिवशी.

माझा मावसभाऊ ऑगस्टमध्ये निघतोय. तो स्वतःची गाडी रेल्वे पार्सलने दिल्लीला पाठवणार आहे. स्वतःच्या नावावरची गाडी तिथे अडवत नाहीत, फक्त आरसी जवळ ठेव, एवढं त्याला दोनदा सांगितलंय.