लोमाचेन्कोच्या लढतींचा संग्रह: व्यावसायिक भाग उत्तम, हौशी भाग तोकडा

मुष्टियुद्धाच्या जुन्या लढती वर्गणी घेऊन दाखवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेने युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोसाठी स्वतंत्र विभाग केला आहे. चित्रे स्वच्छ आहेत, बहुतेक व्यावसायिक लढती पूर्ण आहेत आणि समालोचन बंद करून केवळ रिंगमधला आवाज ऐकण्याची सोय आहे. ही सोय या मुष्टियोद्ध्याच्या बाबतीत फार मोलाची ठरते, कारण त्याचे खरे कसब पायांत आहे. वडील आणि प्रशिक्षक अनातोली यांनी लहानपणी त्याचे मुष्टियुद्ध काही वर्षे थांबवून त्याला पारंपरिक युक्रेनियन नृत्य शिकायला लावले होते. प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर पाऊल टाकून क्षणात त्याच्या बगलेला उभे राहण्याची लकब पाहिली, की हा हट्ट समजतो.

उणीव आहे ती हौशी कारकिर्दीच्या भागात. ३९७ लढतींत एकच पराभव, २००८ मध्ये बीजिंगला ५७ किलो गटात आणि २०१२ मध्ये लंडनला ६० किलो म्हणजे लाइटवेट गटात ऑलिंपिक सुवर्ण, शिवाय २००९ आणि २०११ ची जागतिक विजेतेपदे, एवढ्या मोठ्या कामगिरीची बोळवण मोजक्या तुकड्यांवर केली आहे. २००७ मध्ये शिकागोच्या जागतिक अंतिम लढतीत त्याला हरवणारा रशियाचा अल्बर्ट सेलिमोव्ह पुढच्याच वर्षी बीजिंगमध्ये पहिल्या लढतीत समोर आला आणि हरला. या दोन्ही लढती शेजारी ठेवल्या असत्या, तर विभागाचे सोने झाले असते. त्या काळी स्वच्छ ठोसा बसल्याचे पंचांनी जवळपास एकाच वेळी कळ दाबून नोंदवले, तरच गुण मिळे. त्यामुळे ठोसा मारून लगेच बाजूला होण्याची सवय त्याच्या अंगी कशी मुरली, हे हौशी लढती पाहिल्याशिवाय उमगत नाही.

व्यावसायिक भागाची सुरुवात मात्र चुकवू नये. दुसऱ्याच लढतीत, मार्च २०१४ मध्ये सॅन अँटोनियोला, तो विश्वविजेतेपदासाठी ओर्लांदो सालिदोशी लढला. सालिदो वजनाची मर्यादा पाळू शकला नव्हता, त्याचे कमरेखालचे ठोसे रेफ्रीने बव्हंशी सोडून दिले आणि लोमाचेन्को विभागून दिलेल्या निकालात, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या मताने, हरला. तीन महिन्यांनी गॅरी रसेलला हरवून तो तिसऱ्याच लढतीत विश्वविजेता झाला.

संग्रहातले माणिक म्हणजे मे २०१८ ची, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली होर्हे लिनारेसशी झालेली लढत. १३५ पौंडांच्या गटातली ती त्याची पहिलीच लढत. सहाव्या फेरीत आत शिरताना लिनारेसचा सरळ उजवा ठोसा बसून लोमाचेन्को खाली बसला. नऊ फेऱ्यांनंतर तीन पंचांपैकी एकाने त्याला पुढे, एकाने मागे आणि एकाने बरोबरीत ठेवले होते. दहाव्या फेरीत डोक्यावर ठोशांची सरबत्ती करून त्याने लिनारेसचे हात वर गुंतवले आणि डावा ठोसा थेट यकृतावर घालून लढत तिथेच संपवली. ही फेरी संथ गतीने पाहावी.

याउलट, ऑक्टोबर २०२० ची तेओफिमो लोपेझविरुद्धची लढत सेवेने पहिल्या पानावर संक्षिप्त रूपात ठेवली आहे, आणि ती चक्क दिशाभूल करते. संक्षेपात उत्तरार्धातील लोमाचेन्कोच्या चढाया दिसतात, त्यामुळे निकाल अन्यायाचा वाटतो. पूर्ण लढत पाहिली, की पहिल्या सात फेऱ्यांत त्याने ठोसे जवळपास मारलेच नाहीत, हे दिसते. एका पंचाचे ११९-१०९ हे गुण मला अतिशयोक्त वाटतात, पण विजेता लोपेझच होता. मे २०२३ मध्ये डेव्हिन हॅनीशी झालेल्या लढतीत हॅनीच्या बाजूने दिलेला निकाल मात्र मला आजही पटत नाही.

२०२२ मध्ये रशियाच्या आक्रमणानंतर तो मायदेशी जाऊन प्रादेशिक संरक्षण दलात दाखल झाला. त्या काळाचा संग्रहात उल्लेखच नाही. मे २०२४ मध्ये पर्थला जॉर्ज कॅम्बोसोसला अकराव्या फेरीत थांबवले, ती त्याची शेवटची लढत ठरली, आणि ती येथे पूर्ण आहे.

वर्षाची वर्गणी भरण्याइतका ऐवज येथे नाही, एका महिन्याची पुरेशी आहे. हौशी लढती त्याच्या नावाखाली न शोधता प्रतिस्पर्ध्याच्या नावाने शोधाव्यात, काही तशाच सापडतात.