रिव्ह्यूला उत्तर कोणी द्यायचं: मालकाने, एजन्सीने, की कोणीच नाही?

"सुरमई शिळी होती. थाळी 450 रुपये आणि चव काहीच नाही. परत येणार नाही." एक स्टार.

जूनमधल्या एका रविवारी रात्री पावणेबाराला, गल्ल्याचा हिशोब चालू असताना गूगलवर हा रिव्ह्यू आला. आमचं ठाण्यात मालवणी जेवणाचं हॉटेल आहे, 38 खुर्च्यांचं. त्या दुपारी फुटपाथपर्यंत रांग लागली होती आणि वस्तादांना, म्हणजे आमच्या मुख्य आचाऱ्यांना, सकाळपासून पाठ टेकायला मिळाली नव्हती. माझं उत्तर लिहून तयार होतं. त्यात 'तुम्हाला माशातलं काही कळतं का' असं वाक्य होतं. बायकोने फोन काढून घेतला आणि गल्ल्याच्या खणात ठेवून दिला.

सकाळी मी हे लिहिलं: "नमस्कार. जेवणाने तुमची निराशा झाली याचं वाईट वाटतं. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दिवसांत आमची सुरमई बर्फातली असते. हे मेन्यूवर लिहायला हवं होतं, ते राहिलं. आजपासून लिहिलं आहे."

त्या गृहस्थांनी स्टार बदलला नाही. पण आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याच एक बाई जेवायला आल्या आणि मेन्यू न उघडताच म्हणाल्या, "सुरमई बर्फातली आहे ना? मग सुक्या जवळ्याचं काही असेल तर द्या." त्यांनी ते उत्तर गूगलवर वाचलं होतं.

तेव्हापासून मी धरून चाललो आहे की उत्तर रिव्ह्यू लिहिणाऱ्याला द्यायचं असलं, तरी ते वाचणार असतो उद्या जेवायला कुठे जायचं हे ठरवणारा माणूस. पुढे वेगवेगळे पर्याय तोलले आहेत ते याच हिशोबाने.

गप्प राहणं

जुने हॉटेलवाले सांगतात, लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. कट्ट्यावरच्या बोलण्याबद्दल ते खरंही होतं. गूगलवरचा रिव्ह्यू मात्र तीन वर्षांनीही तिथेच असतो, आणि खाली मालकाचं काहीच नसेल तर वाचणारा तो खरा मानून पुढे जातो.

स्टारचा धंद्याशी किती संबंध असतो याचा एक नीट अभ्यास झालेला आहे. तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असलेल्या मायकल लुका यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधल्या रेस्टॉरंटांची विक्री आणि येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवरचं रेटिंग शेजारी ठेवून पाहिलं. 2011 साली आलेल्या त्या अभ्यासात एका स्टारच्या वाढीमागे विक्री 5 ते 9 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट त्याच्या पुढची आहे. हा परिणाम स्वतंत्र, एकेकट्या रेस्टॉरंटांवर होता, मोठ्या साखळ्यांवर नव्हता. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. आपल्याबद्दल अनोळखी माणसाला जे कळतं ते रिव्ह्यूमधूनच.

उत्तर दिल्याने रेटिंग बदलतं का, हे डेव्हिडे प्रोसेर्पिओ आणि जॉर्जिओस झर्वास यांनी मुक्कामाच्या हॉटेलांबाबत तपासलं. 2017 साली 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, ट्रिपअ‍ॅडव्हायजर या प्रवाशांच्या रिव्ह्यूंच्या साइटवर उत्तरं द्यायला लागलेल्या हॉटेलांचे रिव्ह्यू 12 टक्क्यांनी वाढले आणि सरासरी रेटिंग 0.12 ने वर गेलं. 0.12 म्हणजे फार नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की वाईट रिव्ह्यू कमी झाले, पण जे आले ते लांबलचक होते. मालक वाचतो हे दिसलं की माणूस दोन शब्दांत शिवी हासडून जात नाही, काय चुकलं ते लिहितो. भटारखान्यासाठी तीच तक्रार कामाची.

तरीही काही ठिकाणी गप्प राहणंच बरोबर. नुसते स्टार, एक शब्दही नाही, तिथे लिहिण्यासारखं काही नसतं. जात, धर्म किंवा घरच्या माणसांवरून लिहिलेलं असेल तर त्याच्याशी बोलू नका, थेट रिपोर्ट करा.

एजन्सी आणि ठरीव मजकूर

आम्ही चार महिने रिव्ह्यूंना उत्तरं लिहून देणाऱ्या एका एजन्सीला महिन्याला सहा हजार रुपये दिले. वीस मिनिटांत उत्तर जायचं, इंग्रजी शुद्ध, कुठे राग नाही. बघून बरं वाटायचं.

मग एक रिव्ह्यू आला. एका मुलीने लिहिलं होतं की तिच्या वडिलांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, वेटरने वांग्याच्या भाजीत काही नाही असं सांगितलं, आणि भाजीत सुकट, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, निघाली. नशिबाने त्यांनी पहिल्याच घासाला ओळखली. एजन्सीचं उत्तर गेलं: "प्रिय ग्राहक, आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल आभार. आपल्याला पुन्हा सेवा देण्याची संधी मिळावी ही इच्छा." मला ते अकरा दिवसांनी दिसलं. त्या अकरा दिवसांत वांग्याच्या भाजीत रोज सुकट पडत होती आणि नव्या वेटरला ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

एजन्सीच्या उत्तराची भाषा कोरडी असते ही तक्रार सगळेच करतात. माझी तक्रार वेगळी आहे. ग्राहकाने सांगितलेली गोष्ट भटारखान्यापर्यंत पोहोचायची वाटच तिथे बंद होते. उत्तर दिलं गेलं म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि ज्याच्या हातात कढई आहे त्याला काहीच कळत नाही. त्या मुलीला मी नंतर स्वतः लिहिलं, माफी मागितली. अ‍ॅलर्जी विचारल्याशिवाय ऑर्डर घ्यायची नाही हा नियम तेव्हापासून आहे, आणि केओटीवर, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ती लाल पेनने लिहिली जाते.

हल्ली एआयसुद्धा क्षणात मसुदा लिहून देतं. लिहायची सवय नसलेल्या मालकाला शुद्धलेखनापुरती त्याची मदत होते. पण त्या संध्याकाळी सिलिंडर संपला होता आणि म्हणून भाकरीला चाळीस मिनिटं लागली, हे त्याला कोण सांगणार? ते तुम्हालाच लिहावं लागतं, आणि उत्तरात वाचण्यासारखं तेवढंच असतं.

तुमच्या चार-पाच शाखा असतील, महिन्याला दोनशे रिव्ह्यू येत असतील, तर एजन्सीशिवाय भागणार नाही. मग कामाची वाटणी करा. चार आणि पाच स्टारवाल्यांचे आभार त्यांनी मानावेत. तीन आणि त्याखालचा प्रत्येक रिव्ह्यू त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाकडे यावा, आणि मालकाच्या होकाराशिवाय उत्तर जाऊ नये. 'सोबत पन्नास फाइव्ह-स्टार रिव्ह्यू देतो' असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा. विकत घेतलेल्या रिव्ह्यूंना गूगलच्या नियमांत जागा नाही. भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानक, आयएस 19000:2022, तेही विकतच्या रिव्ह्यूंविरुद्धच आहे. हे मानक ऐच्छिक आहे, पण ऐच्छिक असो की सक्तीचं, खोट्या कौतुकावर आलेला माणूस खऱ्या थाळीशी तुलना करतो आणि चिडून जातो.

मालकाने स्वतः लिहिणं

यात सगळ्यात मोठा धोका रागाचा. 2013 साली अमेरिकेतल्या स्कॉट्सडेल शहरातली एमीज बेकिंग कंपनी नावाची खाणावळ टीव्हीवर दिसली आणि त्यानंतर तिच्या फेसबुक पानावरून टीकाकारांना संतापलेली उत्तरं गेली. पान हॅक झालं होतं असं मालकांनी पुढे सांगितलं, पण तोवर त्या उत्तरांची चर्चा जगभर पोहोचली होती. मालकाला राग येतो, कारण पदार्थ त्याचा आहे. म्हणून रात्री लिहायचं नाही. एक झोप मध्ये जाऊ द्या.

दुसरा धोका जास्त बोलण्याचा. टेबल नंबर, सोबत कोण होतं, किती बिअर झाल्या, हे उत्तरात कधीही येता कामा नये, भले तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असो. वेटरचं नावही नाही. चूक हॉटेलची म्हणून लिहायची. 'रिव्ह्यू बदला, पुढची थाळी आमच्याकडून' असं तर उघडपणे नाही आणि खाजगीतही नाही. स्टार बदलण्यासाठी काही देऊ करणं गूगलच्या नियमात बसत नाही.

सर्व्हिस चार्जवरून एक स्टार आला असेल तर वाद घालू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, बिलात तो आपोआप लावायचा नाही असं सांगितलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या उचलून धरल्या. चूक कबूल करा, पैसे परत करा.

या दोन-तीन गोष्टी सांभाळल्या तर स्वतः लिहिण्याला तोड नाही. आमच्याकडे नियम साधा आहे: ज्या भाषेत रिव्ह्यू, त्या भाषेत उत्तर, चार ओळींच्या आत, आणि त्यात एक तरी गोष्ट अशी हवी जी फक्त आमच्याच भटारखान्यात घडली असेल. "मिरची जास्त झाली, कारण त्या दिवशी शंकेश्वरी वेगळ्या गोणीतली होती" असं वाचलं की पुढच्या माणसाला कळतं, इथे कोणीतरी मसाल्याकडे लक्ष देतं.

रिपोर्ट करणं, नोटीस पाठवणं

रिव्ह्यू काढून टाकता येतो, पण तो नियम मोडणारा असेल तर. शिवीगाळ, धमकी, जो कधी आलाच नाही त्याचा बनावट अनुभव, शेजारच्या स्पर्धकाने लिहिलेला, असे रिपोर्ट करावेत. चव आवडली की नाही, वाट पाहावी लागली की नाही, या वादात गूगल पंच होत नाही. वकिलाची नोटीस पाठवावी असं मनात आलं तर आधी विचारा की लिहिलेलं मत आहे की खोटा आरोप. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 बदनामीसाठी आहे, 'आमटी पाणचट होती' यासाठी नाही. आणि नोटिशीचा स्क्रीनशॉट फिरायला लागला की ती एक स्टारपेक्षा महाग पडते.

गूगल आधी की डिलिव्हरी अ‍ॅप?

वेळ थोडा असेल तर गूगल आधी. 'जवळचं मालवणी जेवण' असं शोधणारा तिथे येतो, आणि उत्तर दिल्यावर रिव्ह्यू लिहिणाऱ्याला सूचना जाते, त्याला हवं तर तो आपलं लिहिलेलं बदलू शकतो.

झोमॅटो-स्विगीवरची तक्रार वेगळ्या जातीची. जेवण सांडलं, थंड पोहोचलं, एक भाकरी कमी निघाली. पैसे परत द्यायचे की नाही हे बहुतेक वेळा अ‍ॅपच्या चॅटवर ठरून गेलेलं असतं, आणि ग्राहकाचा नंबर सहसा आपल्याकडे नसतो. तिथे लांब उत्तराचा उपयोग नाही. दोन ओळी लिहा आणि पार्सल काउंटरवर जा. आमच्याकडे सोलकढी सांडल्याच्या तक्रारी एका महिन्यात नऊ आल्या. झाकणाची डबी बंद करून फिरकीच्या बुचाची बाटली आणली, पुढच्या महिन्यात एक आली. झोमॅटोवर बसून जेवणाऱ्यांचं आणि घरपोच मागवणाऱ्यांचं रेटिंग वेगळं दिसतं, म्हणून कमी कुठे पडतोय ते शोधायला वेळ लागत नाही.

पोटाच्या तक्रारीला मात्र यातला कोणताच क्रम लागू नाही. कोणाला जेवून त्रास झाला असं कळलं की नंबर मिळवून आधी फोन, त्याच तासात. तब्येत विचारा, डॉक्टरकडे गेलात का विचारा, त्या दिवशीची बिलं आणि माल कुठून आला याची नोंद बाजूला काढा. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर छापणं 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे, ग्राहक थेट तिकडे तक्रार करू शकतो आणि ते योग्यच आहे. गूगलवर लिहायचं ते फोन झाल्यानंतर, त्यात फक्त आपण काय तपासलं ते.

एकच हॉटेल असेल, महिन्याला वीस-तीस रिव्ह्यू येत असतील, तर माझं सांगणं: एजन्सीचे सहा हजार वाचवा आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास काढा. आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी साडेतीनला बसतो. दुपारचं आवरलेलं असतं, भटारखाना धुवून झालेला असतो, वस्ताद चहा घेऊन समोर येतात. मी रिव्ह्यू मोठ्याने वाचतो, ते ऐकतात, मग मी लिहितो.