सशाच्या शी-शूच्या ट्रेमध्ये काय घालावं: रद्दी की लाकडी पेलेट?

रद्दी घरात फुकटच असते, पिल्लानं थोडी कुरतडली तरी चालून जातं. पण ती लघवी शोषते कमी, पसरवते जास्त. पाय ओले, वास घरभर. रोज बदलणं आलंच, मुंबईच्या पावसाळ्यात तर दोनदा.

लाकडी पेलेट, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, महाग. मात्र ओलावा शोषून त्यांचा भुसा होतो, वास दबतो, दोन-तीन दिवस निभतात. पाइनचे असतील तर भट्टीत वाळवलेलेच घ्या. (मांजरांची गुठळ्या होणारी माती मात्र कधीच नको. पिल्लं चाखून बघतात आणि ती आतड्यात अडकू शकते.)

माझं मत पेलेटला, पण एका टोकाला सुक्या गवताचा ढीग हवाच. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे निम्मी शिकवणी गवतच घेतं. कोपरा ससाच निवडतो. आपण मुकाट्यानं ट्रे तिथे सरकवायचा. ट्रेवरचे पांढरे डाग व्हिनेगरनं निघतात.

चार-सहा महिन्यांचा झाल्यावर तो पुन्हा घरभर लघवी शिंपडू लागला, तर दोष ना रद्दीचा ना पेलेटचा. वयात आलाय तो. नसबंदीसाठी सशांची माहिती असलेला डॉक्टर गाठा.