वसंतात सोफिया की बेलग्रेड?

एप्रिल-मेच्या सुट्टीत बाल्कनमधलं एकच राजधानीचं शहर करायचं म्हटलं की गाडी बहुतेक दोन नावांवर येऊन अडते, बल्गेरियाचं सोफिया नाहीतर सर्बियाचं बेलग्रेड. दोन्ही पॅरिस-रोमच्या मानाने बरीच स्वस्त, दोन्हीकडे आपल्याकडच्या टूरच्या बसेस अजून फारशा दिसत नाहीत, आणि फोटो बघून ठरवायला गेलात तर काहीच ठरत नाही कारण फोटोत दोन्हीकडे तेच, एक भलंमोठं चर्च, एक चालायचा रस्ता आणि उन्हात मांडलेली कॉफीची टेबलं. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. महिना कुठला आणि संध्याकाळ कशी घालवायला आवडते, या दोनच गोष्टींवर ठरवा. मार्च किंवा एप्रिलचा पहिला पंधरवडा असेल तर बेलग्रेड. मे असेल आणि सकाळी लवकर उठून फिरणारी मंडळी असाल तर डोळे झाकून सोफिया. मधल्या दिवसांसाठी मात्र वाचा.

हवामानात खरा फरक उंचीचा आहे. सोफिया समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आणि बेलग्रेड नदीकाठी, शंभर-सव्वाशेवर, त्यामुळे झाडांना पालवी बेलग्रेडला आधी फुटते. मार्चमध्ये सोफियात बर्फ पडला तर तिथले लोक मान वर करून बघतही नाहीत, एप्रिलमध्ये दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री पाच डिग्रीला येऊन परत जॅकेट शोधावं लागतं. मे मात्र सुंदर, वीस-एकवीसपर्यंत जातं, फक्त दुपारनंतर गडगडाट करून एक सर येऊन जाते, छत्री बॅगेत ठेवायचीच. बेलग्रेडला एप्रिलमध्येच अठरा-एकोणीस होतं, मेमध्ये तेवीस-चोवीस. पण तिथे कोशावा म्हणून वारा आहे, आग्नेयेकडून येतो आणि एकदा सुरू झाला की दोन-तीन दिवस थांबत नाही, हिवाळ्यापासून वसंतापर्यंत त्याचं राज्य. थर्मामीटर पंधरा दाखवतो आणि कान मात्र बधिर. कानटोपीची लाज वाटत असेल तर स्कार्फ तरी न्या.

व्हिसाचं आधी बघा, कारण अर्ध्या लोकांचा निर्णय इथेच होतो. बल्गेरिया २०२४ मध्ये विमान आणि समुद्रमार्गे आणि १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरूनही पूर्ण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) आलाय, म्हणजे भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. मध्ये काही वर्षं भारतीयांना तिथे व्हिसाच लागत नव्हता, ती सोय १ जानेवारी २०२३ ला बंद झाली, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून 'सर्बिया व्हिसा फ्री' म्हणत तिकीट काढू नका. पण शेंगेन, यूके किंवा अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा हातात असेल तर सर्बियाचा वेगळा काढावा लागत नाही. त्यामुळे लंडन-न्यू जर्सीकडे लेक-जावयाकडे जाऊन आलेल्या आईबाबांचा व्हिसा अजून चालू असेल तर बेलग्रेड त्यांच्यासाठी एकदम सोपं. आणि दोन्ही शहरं करायची असतील तर शेंगेन मल्टिपल एंट्रीचाच मागा, कारण सिंगल एंट्रीवर सोफियातून बेलग्रेडला गेलात की परत आत यायची सोय नाही. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमान नाही, इस्तंबूल, दुबई नाहीतर दोहा, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

आता शहरं. सोफियाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वितोशा. डोंगर शहराच्या बाहेर कुठेतरी नाही, शहर संपतं तिथेच सुरू होतो, वरचं शिखर चेर्नी व्राह २,२९० मीटर. खाली ट्युलिप आणि वर पांढरं शिखर असं एकाच फ्रेममध्ये मेपर्यंत मिळतं. रविवारी अख्खं शहर तिकडे पळतं, म्हातारे-कोतारे हातात काठ्या घेऊन, आणि वरच्या हिझामध्ये (डोंगरावरचं साधं विश्रामगृह समजा) घेवड्याचं गरम सूप आणि ब्रेड खातात, पुणेकर सिंहगडावर पिठलं-भाकरीसाठी चढतात तसंच. ट्रेकिंग नको असेल तरी झ्लातनी मोस्तोवेला जा, तिथे मोठमोठ्या गोल धोंड्यांची नदीच आहे आणि पाणी त्या धोंड्यांच्या खालून वाहतं, ऐकू येतं पण दिसत नाही. बॉयानाचा धबधबा बर्फ वितळल्यामुळे वसंतातच जोरात असतो. त्याच बाजूला बॉयाना चर्च, बाहेरून अगदी छोटं, आत १२५९ सालची भित्तिचित्रं, युनेस्कोच्या यादीत आहे. आत थोड्याच लोकांना आणि थोड्याच मिनिटांसाठी सोडतात, तेव्हा फोटोबिटो विसरा आणि नुसते चेहरे बघा, माणसांचे वाटतात, देवांचे नाही.

शहराच्या मध्यात सेर्दिका मेट्रो स्टेशन आहे, मेट्रो खणताना रोमन शहर सापडलं ते तसंच ठेवलंय, म्हणजे ऑफिसला निघालेली माणसं रोमन रस्त्याच्या बाजूने जातात. तिथून चालत काही मिनिटांच्या आत सोळाव्या शतकातली बान्या बाशी मशीद, १९०९ चं सिनेगॉग, कॅथलिक चर्च आणि ऑर्थोडॉक्स स्वेता नेदेल्या, सगळं एका चौकोनात. पण मला यापेक्षा जास्त आवडली ती मशिदीजवळच्या जुन्या स्नानगृहामागची नळांची रांग. जमिनीतून येणारं गरम खनिज पाणी चोवीस तास वाहत असतं आणि आजीआजोबा पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन रांगेत, कुणी गप्पा मारतंय, कुणी कॅन विसळतंय, फुकट पाणी आहे आणि प्रत्येकाला ते कुठल्या दुखण्यावर चालतं याचं स्वतंत्र मत आहे. चव थोडी औषधी. बाटली नेऊन भरून बघा, मार्चच्या थंडीत हात शेकायला तरी उपयोग होतो.

आणि मार्च-एप्रिलचं खास म्हणजे मार्टेनित्सा. १ मार्चला बल्गेरियात सगळे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात, मग करकोचा दिसला किंवा झाडाला मोहोर दिसला की तो काढून त्या झाडाच्या फांदीला बांधायचा. त्यामुळे मार्च संपता संपता बागेतल्या फुललेल्या झाडांवर फुलं कमी आणि दोरे जास्त असं दृश्य असतं. हे बेलग्रेडला नाही.

बेलग्रेडला काय आहे तर नदी, आणि एक नाही दोन. साव्हा आणि डॅन्यूबचा संगम, वर कालेमेगदान किल्ला. किल्ल्यात तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर तटाच्या भिंतीवर जागा मिळेल तिथे पोरं-पोरी बसलेली, हातात बिअर नाहीतर सूर्यफुलाच्या बिया, आणि समोर सूर्य पाण्यात जातो. वसंतात नद्यांना पाणी चढलेलं असतं, संगमातल्या बेटावरची झाडं गुडघाभर पाण्यात उभी दिसतात. तिथून उठायचं आणि क्नेझ मिहाइलोवा रस्त्यावर चालायला लागायचं, मग कॉफी, मग जेवण, मग कुठल्यातरी काफानामध्ये (तिकडची जुन्या वळणाची खानावळ) गाणं सुरू झालेलं असतं आणि रात्रीचे बारा वाजलेत हे कुणाच्या लक्षात नसतं. सोफियात दहा वाजता मी हॉटेलवर परतलेली असायचे, बेलग्रेडला दहा वाजता जेवायला कुठे जायचं याची चर्चा चालू असायची. नदीवरच्या तरंगत्या क्लबांचा खरा हंगाम मात्र मेपासून पुढे, एप्रिलमध्ये त्याच्या भरवशावर जाऊ नका.

दिवसा बेलग्रेड थोडं राकट वाटतं हे मान्य करायला हवं. काळवंडलेल्या इमारती, चढउतार, ग्राफिटी, १९९९ च्या नाटो बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेली लष्करी मुख्यालयाची इमारत कितीतरी वर्षं भर शहरात तशीच उभी होती. सोफियाच्या पिवळ्या विटांच्या रस्त्यावर जसं छान-छान वाटतं तसं इथे लगेच वाटत नाही. पण सेंट साव्हाच्या भव्य देवळात एकदा आत शिरा, १९३५ ला सुरू झालेलं काम कितीतरी दशकं रखडत चाललं आणि आतलं सोनेरी मोझेक आत्ता आत्ता पूर्ण झालं, मान दुखेपर्यंत वर बघत राहाल. मुलं बरोबर असतील तर निकोला टेस्ला म्युझियम. दोन-चार खोल्याच आहेत पण गाईड हातात ट्यूबलाईट देतो आणि मोठी कॉइल सुरू झाली की ती वायरशिवाय हातातच पेटते, नववी-दहावीच्या पोरांना ही पाच मिनिटं पुरेशी आहेत. टेस्लाच्या अस्थीही तिथेच, एका सोनेरी गोळ्यात.

आपल्यासाठी अजून एक धागा आहे. अलिप्ततावादी देशांची पहिली शिखर परिषद १९६१ ला बेलग्रेडलाच झाली, नेहरू, इजिप्तचे नासेर, युगोस्लाव्हियाचे टिटो सगळे तिथे होते. नदीपलीकडे नोवी बेओग्रादमध्ये नेहरूंच्या आणि गांधींच्या नावाचे रस्ते आहेत, आजूबाजूला अस्सल युगोस्लाव्ह काळातल्या काँक्रीटच्या इमारती. टिटोची समाधी, 'फुलांचं घर', शहराच्या दुसऱ्या टोकाला. इतिहासाची आवड असलेल्या सासऱ्यांना न्यायचं असेल तर हा एक मुद्दा बेलग्रेडला जातो.

जेवणाचं मात्र नीट ऐका, विशेषतः शाकाहारी मंडळींनी. एरवी बाल्कन म्हणजे ग्रिलचा धूर, बेलग्रेडला तर जास्तच, आणि शाकाहाऱ्याच्या वाट्याला चीजचा बुरेक (पातळ पापुद्र्यांची भरलेली पेस्ट्री) आणि सॅलड. पण ईस्टरच्या आधीचे सात आठवडे ऑर्थोडॉक्स लोकांचा उपवास असतो, त्यात मांस, अंडी, दूध सगळं बंद, आणि त्या दिवसांत बेकऱ्यांपासून हॉटेलांपर्यंत बऱ्याच ठिकाणी उपवासाचे पदार्थ वेगळे मिळतात. बेलग्रेडला 'पोस्नो' विचारा, सोफियात 'पोस्तनो'. तेलातला भाजलेला घेवडा म्हणजे प्रेब्रानात्स, भोपळ्याची नाहीतर सफरचंदाची पिटा, भात भरलेली कोबीची सार्मा, वर आयवार म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, पोटभर होतं. एकच लक्षात ठेवा, सर्बियात पोस्नोच्या यादीत मासा असतो, ते वेगळं विचारायचं. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरपेक्षा बहुतेकदा वेगळ्या तारखेला येतो, २०२७ ला तो २ मेला आहे, म्हणजे १५ मार्चपासून एप्रिलअखेरपर्यंत शाकाहाऱ्यांचा सुकाळ. उपवास संपल्यावर गेलात तर सोफिया सोपं पडेल, शोप्स्का सॅलड, चीज भरलेली बानित्सा, दह्या-काकडीचं गार ताराटोर, आणि दही तर काय, दह्यातल्या प्रसिद्ध जिवाणूच्या नावातच बल्गेरिया आहे.

त्याच ईस्टरची दुसरी बाजू अशी की त्या तीन-चार दिवसांत दुकानं, म्युझियम बरंच बंद. २०२७ ला तर त्यातच कामगार दिनाची सुट्टी येते. शनिवारी मध्यरात्री सोफियाच्या अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रलबाहेर मेणबत्त्या घेऊन उभी असलेली गर्दी बघायला मिळते ते सोनंच, पण रविवारी सकाळी नाश्त्याला काहीतरी आधीच घेऊन ठेवलेलं बरं.

सिगरेटचा त्रास होणारं कुणी बरोबर असेल तर सोफियाला एक मार्क जास्त. बल्गेरियात २०१२ पासून हॉटेलच्या आत ओढायला बंदी आहे, सर्बियात आत बसून सर्रास ओढतात. ऊन असेल तर बाहेर बसता येतं, कोशावा सुटला की पंचाईत.

फिरायला सोफियात मेट्रो आहे आणि ती थेट एअरपोर्टच्या दोन नंबर टर्मिनलपर्यंत जाते. बेलग्रेडला मेट्रो नाही, पण १ जानेवारी २०२५ पासून शहरातल्या बस-ट्राम फुकट केल्यात, तिकिटाची भानगडच नाही, चढा आणि बसा, जागा मिळाली तर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तरीही सोफियाच म्हणेन, मधला भाग सपाट आहे. पाट्या सोफियात बहुतेक सिरिलिकमध्ये, बेलग्रेडला रोमन लिपीही सगळीकडे दिसते. बल्गेरियात १ जानेवारी २०२६ पासून युरो चालतो, जुन्या व्हिडिओंमध्ये लेव्हातल्या (तिथलं आधीचं चलन) किमती दिसतील त्या साधारण निम्म्या करा. सर्बियात दिनार, एका युरोला ११७ च्या आसपास, उरलेले तिथेच बदलून टाका, बाहेर कुणी घेत नाही. आणि हो, बल्गेरियन माणूस 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो, आपण आपल्या सवयीने अर्धवट डुलवतो, तेव्हा ऑर्डर देताना तोंडाने बोला.

शहराबाहेर एक दिवस काढायचा असेल तर सोफियाहून रिला मठ, सव्वाशे किलोमीटरच्या आत, मेमध्ये चारी बाजूंनी हिरवं आणि वर बर्फ. पण तिथल्या सात तलावांचे फोटो बघून मेमध्ये जाऊ नका, जूनपर्यंत ते बर्फाखालीच असतात. बेलग्रेडहून नोवी साद, पेत्रोवारादिनचा किल्ला, वाटेत स्रेम्स्की कार्लोवत्सीची वाइन. नोवी सादच्या स्टेशनचं छत नोव्हेंबर २०२४ ला कोसळल्यापासून सर्बियात विद्यार्थ्यांची मोठमोठी आंदोलनं झाली आहेत, मोर्चा असला की रस्ते बंद होतात, त्या आठवड्यातल्या बातम्या बघून बाहेर पडा.

हे सगळं वाचून दोन्ही करावीशी वाटली तर मध्ये चारशेच्या आत किलोमीटर आहेत, वाटेत निश लागतं, आणि बॉर्डरवर गर्दी असली तर बस कितीही वेळ उभी राहू शकते. १ मेच्या आसपास आणि ईस्टरच्या वीकेंडला रस्त्याने जाणं टाळा, विमान घ्या. आणि बेलग्रेड आधी, सोफिया नंतर असा क्रम लावा, एवढ्या दिवसांत वितोशावरचा बर्फही वितळत थोडा वर सरकलेला असतो.