रायझनचे ओव्हरक्लॉकिंग : परभणीतल्या आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळी उरकल्यावर मी घरच्या संगणकाचे ओव्हरक्लॉकिंग करायला, म्हणजे त्याचा वेग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवायला बसलो, तेव्हा बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) शिरायला डिलीटची कळ दाबतात, यापलीकडे या विषयातले मला काहीही कळत नव्हते. आता जून संपत आला आहे. संगणकात एएमडीचा सहा कोअरचा (म्हणजे सहा गणन-केंद्रांचा) रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन रॅम आहेत. आसपासच्या गावांत सप्त्यांमध्ये होणाऱ्या कीर्तनांचे चित्रीकरण मी संपादित करतो आणि दीड तासाच्या कीर्तनाची अंतिम फाइल तयार होत असताना सहाही कोअर पूर्ण ताकदीने राबतात. पुढचे सर्व आकडे या एका कामाचे आहेत. मदरबोर्डच्या बाबतीत माझे नशीब चांगले निघाले, कारण स्वस्तातल्या ए५२० चिपसेटवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करताच येत नाही. इंटेलच्या बाजूला तर त्यासाठी नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड असे दोन्ही लागते.

सुरुवात रॅमपासून केली आणि पहिला धक्का तिथेच बसला. खोक्यावर ३२०० हा वेग लिहिलेली रॅम दीड वर्ष २६६६ वर चालत होती. यात दुकानदाराने फसवलेले नसते. कारखान्यातून आलेला मदरबोर्ड रॅमला १.२ व्होल्ट देऊन सुरक्षित वेगाने चालवतो आणि खोक्यावरचा वेग हवा असेल तर एक्सएमपी नावाचे प्रोफाइल आपणच चालू करावे लागते, मग व्होल्टेज १.३५ होते. दोन मिनिटांचे काम, खर्च शून्य. कीर्तनाच्या फाइलला लागणारी ४५ मिनिटे ४४ वर आली, म्हणजे फारसे काही हाती लागले नाही. मात्र भाच्याच्या खेळांमध्ये फरक डोळ्यांना जाणवण्याइतका होता.

तेवढ्यावर थांबायला हवे होते. मी तीच रॅम ३६०० वर नेली, टायमिंग (माहिती द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा) १६ चेच ठेवले, विंडोज सुरळीत चालू झाले आणि मी खूश झालो. चौथ्या दिवशी एक झिप फाइल उघडेना. दुसऱ्या दिवशी तयार झालेल्या कीर्तनात अभंगाच्या मध्येच चित्र फाटल्यासारखे दिसू लागले. रॅमची चूक संगणक बंद पाडूनच कळते असे नाही, ती गुपचूप चुकीची माहिती डिस्कवर लिहीत राहते, आणि नवशिक्याला सर्वांत महाग पडणारी गोष्ट हीच आहे. रॅम तपासणारी मेमटेस्ट८६ ही चाचणी लावल्यावर पहिल्याच फेरीत लाल ओळी आल्या. (या चाचणीच्या चार फेऱ्यांना काही तास लागतात, त्यामुळे आमच्याकडे ती वीज जाण्याच्या वेळा पाहून लावावी लागते; माझी दोनदा अर्ध्यावर गेली.) टायमिंग १८ केल्यावर चुका थांबल्या, पण मग कागदावर हिशेब मांडला. टायमिंगला २००० ने गुणून वेगाने भागले की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. ३२०० वर १६ म्हणजे १० आणि ३६०० वर १८ म्हणजेही १०. बँडविड्थ (दर सेकंदाला वाहणारी माहिती) थोडी वाढते हे खरे, पण माझ्या कामात त्याचा मागमूस दिसला नाही. रॅम पुन्हा ३२०० वर आणली आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या फाइली मूळ चित्रीकरणावरून नव्याने काढल्या.

प्रोसेसरची गोष्ट परभणीच्या हवामानाशी बांधलेली आहे. डिसेंबरमध्ये इथली थंडी मराठवाड्यात नाव काढण्यासारखी असते. रात्री खोलीत १७ अंश असताना सर्व कोअर ४.५ गिगाहर्ट्झवर स्थिर केले, प्रोसेसरसोबत आलेल्या लहान पंख्यावरच चालवले, तर पूर्ण भारावर तापमान ८० अंशांच्या आत राहिले. फाइल ४२ मिनिटांत झाली. मात्र पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली जितकी तापेल, साधारण तितकाच प्रोसेसरही वर जातो. एप्रिलच्या मध्यावर खोली ३७ वर गेली, प्रोसेसर त्याच्या ९० अंशांच्या मर्यादेला टेकला आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणू लागला. फाइलला ४७ मिनिटे लागली, म्हणजे काहीही न करता जेवढा वेळ लागत होता त्याहून अधिक.

नवा कूलर घ्यावा लागेल असे घरी सांगितले, तेव्हा आई म्हणाली, ‘अरे, आहे की एक, त्याच्या ताट्या तेवढ्या बदलून आण.’ त्या पाण्याच्या कूलरचेही इथे काम आहे, पण उलट्या अर्थाने: त्याच्या ओलसर हवेत धूळ चिकट होऊन हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत बसते, म्हणून संगणक त्याच्या झोतातून बाजूला सरकवला. मग टॉवर पद्धतीचा एअर कूलर घेतला. त्यामुळे तापमान बरेच उतरले, तरी ४.५ चा हट्ट मी सोडला, कारण तोवर मला कर्व्ह ऑप्टिमायझर समजला होता.

यात वेग बळजबरीने वाढवायचा नसतो. प्रत्येक वेगाला लागणारे व्होल्टेज थोडे कमी करायचे, मग वाचलेल्या उष्णतेत आणि विजेत प्रोसेसर स्वतःच थोडा वर चढतो. पहिल्याच दिवशी मी सर्व कोअरना उणे २५ दिले (उणे आकडा जितका मोठा, तितके व्होल्टेज कमी). तासभराची कठोर चाचणी निर्धोक पार पडली, आणि रात्री काहीही काम नसताना संगणक आपोआप रीस्टार्ट झाला. हे उलटे वाटते, पण भार कमी असताना एखादा कोअर सर्वांत वरच्या वेगावर उडी मारतो आणि कमी केलेले व्होल्टेज नेमके तिथेच अपुरे पडते. त्यामुळे केवळ पूर्ण भाराची चाचणी पाहून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील व्हीया नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी पाहाव्यात. उणे २० वरही तीन दिवसांनी तेच घडले. उणे १२ वर दोन महिन्यांत एकही नोंद आलेली नाही. हे आकडे माझ्या चिपचे आहेत. त्याच नावाच्या दोन चिपसुद्धा सारख्या निघत नाहीत, म्हणून कोणी ते जसेच्या तसे उतरवू नयेत.

वॉरंटीचे म्हणाल तर ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. बिघडलेल्या सेटिंगमुळे पडदा काळा राहिला तर मात्र घाबरण्याचे कारण नाही: वीज पूर्ण तोडून मदरबोर्डवरील क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडल्या की सगळे मूळ पदावर येते. हा विधी मी एकूण पाच वेळा केला, पहिल्यांदा थरथरत्या हाताने.

सध्या रॅम ३२०० वर, कर्व्ह उणे १२ आणि फाइलला ४३ मिनिटे, भर मे महिन्यातही.